बुचातली सुई

सुईबाईच्या दुकानात मधवाल्याचा सूट घालून बघायला आलेल्या माणसाला आरसा मिळत नसे. खोलीच्या मधोमध एक लाकडी खोकं पालथं घातलेलं होतं. त्यावर उभं राहायचं, चेन गळ्यापर्यंत ओढायची, जाळीची टोपी बंद करायची आणि दहा उठाबशा काढायच्या. एरवी कुणाच्या बापाला न जुमानणारे मधवाले तिच्यासमोर मुकाट्यानं खाली-वर होत. उठाबशा झाल्या की ती एप्रनच्या खिशातून बूच काढी.

बाटलीचं साधं बूच. त्यातून एक सुई आरपार खोचलेली आणि पलीकडे तिचं टोक बरोबर तीन मिलिमीटर बाहेर. मधमाशीचा काटा जेवढा लांब, त्याहून थोडं जास्तच. टोचून टोचून सुई मागे सरकते, म्हणून दर सोमवारी दुकान उघडलं की ती आधी पट्टी लावून ते टोक मोजायची. मग आठवडाभर त्या बुचानं गिऱ्हाइकांना टोचायची. गुडघा, कोपर, खांदा, पाठ, बसायची जागा आणि सगळ्यात शेवटी गळा. अलगद नाही. माशी अंगावर आदळते तसं, हात मागे घेऊन. माणूस जिथे ओरडेल तिथे खडूनं फुली.

"बाई, हे दुकान आहे का चौकी?" एक आडदांड ट्रकवाला एकदा मांडी चोळत म्हणाला.

"चौकीत दोघं-तिघं मारतात," ती फुली मारत म्हणाली. "पेटीत चाळीस हजार असतात. वळ."

एखादा नवखा पोरगा यायचा, आरसा शोधायचा आणि म्हणायचा, कमरेत जरा आवळून द्या. "का? राणीमाशीनं बघायला बोलावलंय का?" असं विचारून ती त्याला एक माप मोठाच सूट देई. कापड अंगाला चिकटलं की काटा सरळ कातडीत जातो. कापड आणि कातडी यांच्यात हवा राहिली की माशी नुसती कापडाला टोचून मरते. म्हणून सूट ढगळ हवा, आणि वाकल्यावर, उकिडवं बसल्यावरही ढगळ राहायला हवा. उठाबशा त्यासाठी. पांढराच रंग का, तर काळं आणि केसाळ काही दिसलं की माश्यांना जनावर आल्यासारखं वाटतं. काटा बसलाच तर चिमट्यानं धरायचा नाही, उरलेलं विष आत जातं, बोथट पात्यानं खरवडायचा. हे सगळं ती न थकता सांगायची. ऐकणाऱ्याला कंटाळा आला तर बूच होतंच.

मधवाल्यांत तिच्याबद्दल दोन गोष्टी बोलल्या जात. एक, तिनं शिवलेल्या सुटातून माशी आत जात नाही. दुसरी, नवऱ्याच्या सुटातून तिनं मुद्दाम जाऊ दिली.

दुसरी गोष्ट एकोणीस वर्षांपूर्वीची. तिचा नवरा आणि धाकटा दीर मिळून मधाचा धंदा करत. साठ पेट्या होत्या, गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीच्या कडेला. नवऱ्याचा हात सैल होता. हातात येईल त्यानं तो मारायचा. पट्टा, चप्पल, एकदा गरम इस्त्रीसुद्धा. त्या सकाळी त्याच्या हातात पटाशी होती. पटाशी म्हणजे पेटीतल्या चौकटी उचकटायची लोखंडी पट्टी, वीतभर लांब, एका टोकाला वाकवलेली. ती मशीनवर बसून त्याच्या नव्या सुटाचा गळा पुरा करत होती.

मधवाल्याच्या सुटात गळा हीच अवघड जागा. पुढची चेन पोटावरून वर येते. टोपीच्या दोन चेनी मानेमागून निघून दोन्ही बाजूंनी पुढे येतात. तिन्ही गळ्याच्या खळगीत भेटतात, आणि कितीही ओढल्या तरी भेटीच्या जागी वाटाण्याएवढं भोक राहतंच. ते झाकायला वरून कापडाची पट्टी लागते. ती पट्टी नसेल तर बाकीचा सूट असून नसल्यासारखा.

"अजून झालं नाही?" नवऱ्यानं विचारलं.

"एवढी पट्टी राहिली."

त्यानं पटाशी तिच्या उजव्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. "आता शिव," तो म्हणाला आणि दारात उभा राहून वाट बघू लागला.

मशीनचं चाक फिरवायला हात नव्हता. तिनं सुईत दोरा दातांनी ओवला आणि ती पट्टी डाव्या हातानं शिवली. टाके वाकडेतिकडे पडले. घामाचे की डोळ्यांतले, थेंब कापडावर पडत होते. त्यानं सूट घातला आणि निघाला. तो उंबरा ओलांडताना तिच्या मनात आलं, पट्टी एकदा ओढून बघायला हवी होती. ती जागेवरून उठली नाही.

दीड तासानं खाणीकडून ओरडा ऐकू आला. ती हात पोटाशी धरून धावली. एक पेटी आडवी पडलेली, चौकटी मातीत, आणि हवेत असा आवाज की दातांत कळ जावी. नवरा गुडघ्यांवर होता. टोपीच्या जाळीआड त्याचं तोंड दिसत नव्हतं. आत माश्या होत्या, एकावर एक, पिशवीत भरल्यासारख्या, आणि जाळी आतून हलत होती. तो दोन्ही हातांनी स्वतःच्या तोंडावर बुक्क्या मारत होता. तिनं एका हातानं टोपीची चेन उघडली. माश्या तिच्या डोळ्यांवर आल्या. पापण्या, नाकपुड्या, ओठांच्या आत. टोपी निघाली तेव्हा तो आडवा झाला होता, जीभ सुजून दातांबाहेर आली होती, आणि मातीत त्याच्या टाचा थोडा वेळ घासत राहिल्या.

दीर तिच्यानंतर आला, खाणीच्या वरच्या अंगानं. त्यानं भावाला बघितलं, वहिनीला बघितलं, आणि माश्यांना धूर द्यायचा पेटता डबा उचलून तिच्या पाठीत घातला. "पट्टी हिनं उसवून ठेवली," तो गोळा झालेल्या लोकांना ओरडून सांगत होता. "सकाळी त्यानं मारलं म्हणून." सगळ्यांनी तिचं मनगट बघितलं आणि सगळ्यांना ते पटलं. चौकशी झाली, अपघात म्हणून कागद बंद झाला. सूट दिरानं घरी नेला आणि ट्रंकेत ठेवला. आलं-गेलं कुणी असेल तर ट्रंकेकडे बोट दाखवून तो म्हणायचा, "माझ्या भावाचा खून त्यात आहे."

तिनं काही मुद्दाम केलं नव्हतं. पण डाव्या हाताचे ते टाके तिच्या डोक्यातून गेले नाहीत. ते सुटले असणार, असंच ती एकोणीस वर्षं धरून चालली होती. बूच त्यातूनच आलं. ओढून न बघितलेली एक पट्टी होती, म्हणून ती आता प्रत्येकाचा गळा शेवटी आणि दोनदा बघायची.

एके दिवशी दुपारी एक मुलगी दुकानात आली. बाविशीची, रुंद खांद्यांची, डावी भुवई सुजून डोळ्यावर उतरलेली. काखोटीला जुन्या चादरीचं गाठोडं.

"सूट दुरुस्त करून मिळेल?"

"बघू दे. भुवईला काय झालं?"

"माश्या. परवा." मुलीनं गाठोडं टेबलावर ठेवलं, पण सोडलं नाही. "काकू, मला ओळखलं नाहीत. मी तीन वर्षांची होते."

सुईबाईनं हातातली कात्री खाली ठेवली. पोरीच्या हनुवटीत दिराची हनुवटी होती.

"बापाला माहीत आहे?"

"नाही. कळलं तर तंगडं मोडतील."

"मोडतील. घराण्यात ती कला आहे," सुईबाई म्हणाली. "बस."

मुलगी बसली आणि भडाभडा बोलू लागली. खाणीकडच्या चाळीस पेट्या उद्या सकाळच्या आत हलवायच्या होत्या, कारण उद्या दुपारीच शेजारच्या बागेत विषारी औषध फवारणार होते. पेट्या तिथेच राहिल्या तर एक माशी वाचणार नाही. आणि त्या पेट्या तर पिसाळल्यासारख्या झालेल्या. गेल्या आठवड्यात साखळीला बांधलेला कुत्रा त्यांनी मारला. साखळी ताणून ताणून त्याची मान सोलली होती. कामाला ठेवलेला माणूस परवा ओरडत पळाला तो परत आला नाही. बाबांचा उजवा खांदा निखळलेला, एकट्यानं उचलायला जमत नाही, तरी म्हणतात मी एकटा जाईन, टोपी आणि हातमोजे बास. "ते सूट घालत नाहीत. म्हणतात, सुटावर भरवसा ठेवून आमचा दादा गेला. मलाही घेऊन देत नाहीत. म्हणून ट्रंक फोडली."

"परवा चावल्या तेव्हा श्वास लागला? अंगावर गांधी उठल्या?"

"नाही. नुसती सूज. डॉक्टरला दाखवलं."

"लागला असता तर मी तुला कोणताच सूट दिला नसता. हे आधी सांगते." सुईबाईनं गाठोड्यावर ठेवलेले कातडी हातमोजे उचलून नाकाशी नेले. पिकून काळ्या पडलेल्या केळ्यासारखा वास आला. "हे बापाचे? कधी धुतले?"

"ते धुवू देत नाहीत. म्हणतात, हाताला बसलेत."

"माशी टोचते तेव्हा हा वास सोडते. बाकीच्यांना सांगायला, की इथे मारा. परवाच्या, त्याआधीच्या, सगळ्यांचा वास यात मुरलाय. हे घालून पेटी उघडायची म्हणजे स्वतःच्या हातावर खूण करून जायचं." तिनं मोजे दाराबाहेर भिरकावले. "कुत्र्याच्या साखळीला बहुतेक हेच हात लागले असतील."

मुलगी दाराकडे बघत राहिली. सुईबाईनं गाठोडं सोडलं.

पिवळट पडलेला सूट तिनं टेबलावर माणूस निजवावा तसा पसरला. बाह्या बाजूला, पाय खाली. गळ्यापाशी तिचा हात थांबला. मग तिनं दिवा खाली ओढला आणि भिंग घेतलं.

पट्टी लोंबत होती. तिच्या मुळाशी टाके होते. वाकडे, डाव्या हाताचे, एक लांब एक आखूड. तिनं सुईच्या टोकानं एकेक मोजला. सतरा. सतराच्या सतरा जागेवर होते, दोरा शाबूत, गाठसुद्धा सुटलेली नव्हती. सुटलं होतं ते कापड. छातीवरच्या कापडाचा बोटभर लांब तुकडाच फाटून पट्टीबरोबर आला होता.

"बाबा म्हणतात, तुम्ही टाके उसवलेत," मुलगी हळूच म्हणाली.

"इकडे ये. उसवलं तर काय होतं? दोरा जातो, कापड राहतं. इथे काय झालंय?"

"कापड गेलंय. दोरा राहिलाय."

"हं. आणि कुठल्या दिशेला फाटलंय?"

मुलीनं बोट फिरवलं. "वरून खाली."

"स्वतःची टोपी काढायला धडपडणारा माणूस वर ओढतो. हे कुणीतरी समोरून खाली ओढलंय, जोर लावून." तिनं पट्टी उलटी केली. आतल्या बाजूला चार तपकिरी डाग होते, एकाखाली एक. बाहेरच्या बाजूला एकच, मोठा. पेटीच्या फटी बुजवायला माश्या जो चिकट डिंक लावतात तो हाताला लागला की कापडावरून कधी निघत नाही. सुईबाईनं आपला डावा हात डागांवर ठेवला. चार बोटं आत, अंगठा बाहेर. बरोबर बसला. उजवा ठेवून पाहिला, बसेना.

तिचा बाप डावखुरा होता. पंगतीत जेवताना शेजारच्याला कोपर लागतं म्हणून तो नेहमी टोकाला बसायचा, हे तिला आणि काकूला दोघींना माहीत होतं.

"हा सूट तुला नाही," सुईबाई थोड्या वेळानं म्हणाली. आवाज साधा होता, पण तिनं भिंग दोनदा चुकीच्या खणात ठेवलं. "जाड सुती एकपदरी आहे. पिसाळलेल्या पेट्यांना हा पुरणार नाही. तीनपदरी जाळीचा घाल. दोन जाळ्यांच्या मध्ये एक जाड जाळी असते, काटा कातडीपर्यंत पोचतच नाही, आणि वारा लागतो. घामानं जीव नकोसा झाला की माणूस चेन उघडतो. माझी निम्मी गिऱ्हाइकं तशी चावून घेतात."

तिनं फळीवरून सूट काढला. एक माप मोठा. बाहीच्या टोकाला अंगठ्यात अडकवायची कडी होती, म्हणजे हात वर केला तरी बाही मागे सरकू नये. पायाला घोट्यावरून जाड इलॅस्टिक. मुलगी खोक्यावर चढली आणि उठाबशा काढू लागली. आठवीला बाहेर स्कूटर आडवी पडल्याचा आवाज झाला.

दीर आत आला तेव्हा त्याच्या हातात दाराबाहेर पडलेले मोजे होते. एकोणीस वर्षांत त्यानं या दुकानाच्या रस्त्यानंही जाणं टाळलं होतं. त्यानं वहिनीकडे बघितलं नाही, सरळ मुलीकडे गेला.

"काढ ते."

"बाबा, ऐका."

"या बाईनं शिवलेलं अंगावरून काढ." मोजे टाकून त्यानं डावा हात घातला आणि मुलीच्या गळ्याची पट्टी मुठीत धरून तिला खोक्यावरून खाली ओढलं. मुलगी गुडघ्यांवर आपटली. त्यानं पुन्हा हिसका दिला. पट्टी ताणली गेली, फाटली नाही. मुलीची मान तेवढी पुढे आली आणि जाळीआड तिचा श्वास घुसमटल्याचा आवाज झाला.

सुईबाई त्याच्या मुठीकडे बघत होती. चार बोटं आत, अंगठा बाहेर.

"भाऊजी, सोडा."

त्यानं अंगाच्या धक्क्यानं तिला ढकललं. ती मशीनवर आदळली, ओठ फुटला. ती परत आली आणि तिनं बूच त्याच्या मुठीवर मारलं. एकदा, दोनदा, पाच-सहा वेळा, गिऱ्हाइकाला मारायची त्याच्या दुपटीनं. हातावर रक्ताचे ठिपके उमटले. त्यानं पट्टी सोडली आणि त्याच हातानं तिचा गळा धरला. टेबल कलंडलं, कात्र्या खणखणत पडल्या, दोघं भिंतीला जाऊन लागले. तिच्या डोळ्यांपुढे काळं येऊ लागलं. तेवढ्यात मुलीनं मागून पालथं खोकं उचललं आणि बापाच्या निखळलेल्या खांद्यावर घातलं.

तो खाली बसला.

सुईबाईनं ओठाचं रक्त एप्रनला पुसलं, जमिनीवरचा जुना सूट उचलला आणि त्याच्यासमोर पसरला. मग त्याचा डावा हात मनगटाला धरून पट्टीवर ठेवला. तो हात मागे घेईल असं मुलीला वाटलं. त्यानं घेतला नाही. बोटं डागांवर आपोआप बसली.

"टाके मोजा," सुईबाई घोगऱ्या आवाजात म्हणाली. "सतरा आहेत."

त्यानं बोटानं शेवटपर्यंत मोजले. मग म्हणाला, "त्यानं आधी मारलं."

"कशानं?"

"पटाशीनं. कानावर. चौकटी उलट्या लावल्या म्हणून." त्यानं उजव्या कानाला हात लावला.

"बाबा, कान माशी चावून गेला म्हणाला होतात," मुलगी म्हणाली.

"कानातून रक्त येत होतं. मला काही सुचेना. मी त्याचा गळा धरला आणि खाली ओढला. तो पेटीवर पडला. पेटी आडवी झाली." तो प्रत्येक वाक्य अडखळत, जड ओझं उतरवल्यासारखं टाकत होता. "पट्टी हातात आली. मला माश्या दिसल्या, आत जाताना. पहिली आत गेली, मग रांगच लागली. तो माझ्याकडे हात करत होता."

"मग?"

"मग मी पळालो. वरच्या अंगाला. तिथून बघत होतो."

"आणि म्हणालात, मी उसवली."

"कुणीतरी विचारलंच असतं ना. तुझं मनगट दिसलं. मग म्हणत म्हणत खरंच वाटायला लागलं, वहिनी. शपथेवर सांगतो. ट्रंक मी पुन्हा कधी उघडली नाही."

मुलीनं टोपी काढली. तिच्या गळ्यावर लाल वळ उठला होता. तिनं बापाचे मोजे उचलले, त्याच्या अंगावर फेकले आणि म्हणाली, "उद्या तुम्ही यायचं नाही. मी एकटी जाते."

"चाळीस पेट्या एकटीनं उचलायच्या नसतात," सुईबाई म्हणाली. "एक सुटली तर काय होतं ते मी बघितलंय. दोन माणसं लागतात. माझं मनगट पेटी धरत नाही. याचा एक हात अजून चालतो, आत्ताच बघितलं." तिनं फळीवरून दुसरा तीनपदरी सूट काढला, सगळ्यात मोठ्या मापाचा, आणि दिराच्या मांडीवर टाकला. "भाऊजी, पेट्या चढवायला कोण येतंय?"

"ट्रकवाला. आणि त्याची तीन माणसं."

"सगळी माझी गिऱ्हाइकं. सगळ्यांना तुमची गोष्ट पाठ आहे. उद्या त्यांना दुसरी सांगायची. मगाशी सांगितलीत तशी, पळालात तिथपर्यंत."

तो मांडीवरच्या सुटाची चेन बोटांनी चाळवत बसला.

"नाहीतर सूट ठेवा आणि चालू लागा. पोरीबरोबर मी जाईन, मनगट मोडलं तर मोडलं."

त्यानं सूट घातला. खांदा वर जात नव्हता, तेव्हा मुलीनं बाही ओढली, तोंड दुसरीकडे करून. तो खोक्यावर चढला. कण्हत दहा उठाबशा काढल्या. सुईबाईनं बूच आणलं, सुईवरचं रक्त पुसलं, मोजपट्टी लावून टोक मोजलं आणि गुडघ्यापासून सुरुवात केली. शेवटी गळा. तीन चेनींच्या भेटीवर, नव्या पट्टीच्या बरोबर मधोमध तिनं सुई टेकवली आणि अंगठ्यानं दाबली. बूच कापडात रुतेपर्यंत दाबली. तो डोळे मिटून उभा होता. तिच्या हातात जोर होता आणि पलीकडच्या कप्प्यात बुचाशिवायच्या सुयाही होत्या. मुलगी काकूच्या हाताकडे बघत होती.

"टोचलं?"

"नाही."

तिनं पट्टी धरून खाली ओढून पाहिली. मग पुन्हा एकदा. "चालेल," ती म्हणाली आणि खडू खिशात ठेवला.

जुना सूट मुलीनं नेला. धुराच्या डब्यात जाळायला जुनं सुती कापड चांगलं असतं, हळू जळतं आणि धूर गार येतो. गळा मात्र सुईबाईनं आधीच कापून घेतला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी सूट परत घेऊन आली. सगळ्या पेट्या हलल्या होत्या. तिला दोनच चावल्या होत्या, त्याही डाव्या घोट्यावर, कारण मोजा बुटात खाली घसरला होता. तिच्या गळ्याच्या पट्टीत काट्यांची नुसती लोकर झाली होती.

"आधी धू. वास जाईपर्यंत," सुईबाई म्हणाली. "बाप?"

"बाहेर आहेत."

"सांगितलं?"

"सांगितलं. शेवटची पेटी चढवल्यावर. टोपी घालूनच सांगायला लागले. ट्रकचं इंजिन चालू, माश्यांचा आवाज, कुणालाच काही ऐकू येईना. ट्रकवाला केबिनमधून ओरडला, काय म्हणतोस? बाबांनी पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, कोण पळालं? मग त्यांनी चेन उघडली आणि टोपी मागे टाकली. मी ओरडले, घाला म्हणून. ते पुरं सांगून होईपर्यंत थांबले."

सुईबाई दाराशी गेली. दीर भिंतीला टेकून उभा होता. दोन्ही डोळे सुजून बंद, ओठ उलटे झालेले, कानाच्या पाळ्या जांभळ्या. चेहऱ्यावर काळे काटे तसेच होते, बारीक पिशव्यांसकट.

"श्वास लागतोय?"

त्यानं नकारार्थी मान हलवली.

"लागला की आधी सांगायचं, डॉक्टरकडे जायचं. काटे कुणी काढले नाहीत?"

"ट्रकवाल्याची माणसं चिमट्यानं काढत होती," मुलगी म्हणाली. "तुम्ही काल म्हणाला होतात ना, चिमटा लावला की उरलेलं विष आत जातं. म्हणून थांबवलं."

सुईबाईनं त्याला दंडाला धरून आत आणलं आणि खोक्यावर बसवलं. टेबलावरची बोथट सुरी घेतली, त्याची हनुवटी वाकड्या मनगटानं वर केली आणि पातं कपाळावर आडवं धरलं.

"हलायचं नाही," ती म्हणाली आणि एकेक काटा खरवडायला लागली.